माल बांधलेला, माणसे मात्र सुटी!



या पानावर आम्ही एरवी बियाणे, खते, फवारणी, जनावरांच्या लसी, लेकरांचे जुलाब अशा विषयांवर लिहीत असतो. या खेपेचा विषय मोटारीतल्या सीटबेल्टचा, म्हणजे सुरक्षा-पट्ट्याचा आहे. शेती आणि आरोग्याच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. आज आपल्या धर्मग्रामातल्या बऱ्याच घरांपुढे जुनी-नवी मोटार उभी असते. ज्यांच्याकडे नाही ते लग्नाला, इंदूरच्या दवाखान्याला, नाताळच्या मिस्साला भाड्याची गाडी करतात. शेतात आपण सापाला जपतो, विजेला जपतो, विहिरीच्या काठावर लेकराला जाऊ देत नाही. रस्त्यावर मात्र तेवढे जपत नाही.

सुगीच्या दिवसांत धामनोदच्या मंडीकडे जाणारी कोणतीही गाडी पाहा. कापसाचे बोचके असो, मिरचीची वा सोयाबीनची पोती असोत, मालक दोर दोनदा आवळून पाहतो, गाठ ओढून पाहतो, वर ताडपत्री टाकतो. वाटेत एक पोते घसरले तर नुकसान होईल, ही धास्ती त्याला असते. हाच मालक संध्याकाळी बायको, सून आणि नातवंडे घेऊन सोयऱ्यांकडे निघतो, तेव्हा गाडीत एकही माणूस बांधलेले नसते. मागच्या सीटचे पट्टे सीटकव्हरखाली दडपलेले असतात. चालक आपला पट्टा खांद्यावरून नुसता ओढून धरतो आणि टोलनाका मागे पडला की सोडून देतो. पोत्याची काळजी घेणारा माणूस लेकराला सुटे ठेवतो, याचे आम्हांला नवल वाटते आणि वाईटही वाटते.

आपल्या दारातला रस्ता

आपण राहतो तो रस्ता साधा नाही. जुन्या लोकांच्या तोंडी तो आग्रा-मुंबई रस्ता. पुढे तो राष्ट्रीय महामार्ग ३ झाला आणि आता त्याचा क्रमांक ५२ आहे. इंदूरहून माळव्याचे पठार संपले की गाडी घाट उतरून निमाडात येते, धामनोद ओलांडते, खलघाटला नर्मदा पार करते आणि सेंधव्यावरून खानदेशात शिरते. राऊ ते खलघाट या टप्प्यातला गणपती घाट किती कुप्रसिद्ध आहे हे आपल्या माणसांना सांगायला नको. उतारावर अवजड ट्रकचे ब्रेक तापतात, निकामी होतात, आणि पुढे चाललेल्या लहान गाड्या सापडतात. त्यासाठीच सुमारे ९ किलोमीटरचा नवा वळणरस्ता बांधून २०२४ च्या अखेरीस सुरू करण्यात आला. रस्ता सुधारला ही समाधानाची गोष्ट आहे. पण चांगल्या रस्त्यावर गाड्या अधिक वेगाने धावतात, हेही खरे.

१८ जुलै २०२२ चा सोमवार आपल्या भागात कोणी विसरणार नाही. इंदूरहून अमळनेरला निघालेली महाराष्ट्र राज्य परिवहन महामंडळाची बस त्या सकाळी खलघाटच्या संजय सेतूचा कठडा तोडून नर्मदेत कोसळली. १२ जणांचे मृतदेह नदीतून काढण्यात आले. चालक आणि वाहकही गेले. खानदेशाशी आपल्यातल्या अनेक कुटुंबांची सोयरीक आहे. ते दुःख आपल्याला परके नव्हते.

ही आठवण देताना एक गोष्ट स्पष्ट सांगतो. त्या बसमध्ये सीटबेल्ट असते तर सगळे वाचले असते, असे आम्ही म्हणणार नाही. पुलाचा कठडा, घाटाचा उतार, समोरच्या ट्रकचा ब्रेक या गोष्टी आपल्या हातात नाहीत. त्यांसाठी सरकारकडे मागणी करावी, आणि आपले लोक ती करतातही. आपल्या स्वतःच्या हातात जे आहे ते मात्र फार थोडे आणि फार सोपे आहे. दोन बोटे रुंद पट्टा ओढायचा आणि खटका बसवायचा. तेवढेही आपण करीत नाही, म्हणून हा लेख.

कायदा काय सांगतो?

आपल्याकडे बहुतेकांचा समज असा, की पट्टा हा फक्त चालकासाठी आणि फार तर त्याच्या शेजाऱ्यासाठी असतो. हा समज चुकीचा आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ चा आणि त्याखालील केंद्रीय नियम १९८९ चे. पुढच्या दोन्ही आसनांना पट्टे बसवणे कारखानदारांना १९९० नंतरच्या दशकात बंधनकारक झाले. नियम १३८ प्रमाणे चालकाने, त्याच्या शेजारी बसणाऱ्याने, आणि मागे पुढच्या दिशेने तोंड करून बसणाऱ्या प्रत्येकाने, गाडी चालू असताना पट्टा लावलाच पाहिजे. म्हणजे मागची सीट कायद्यातून कधी सुटलेली नव्हती. आपण ती सोडून दिली होती.

२०१९ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून नवे दंड लागू झाले. त्यातल्या कलम १९४-ब प्रमाणे पट्टा न लावल्यास १,००० रुपये दंड आहे. पूर्वी तो १०० रुपये होता. जागेवरच भरायची तडजोडीची रक्कम राज्ये ठरवतात, म्हणून ती निरनिराळ्या राज्यांत निरनिराळी असू शकते. याच कलमात एक महत्त्वाची गोष्ट आहे. १४ वर्षांखालील मूल पट्ट्याविना वा बालआसनाविना गाडीत बसवले, तर दंड गाडी चालवणाऱ्याला होतो. मूल ऐकत नाही, ही सबब कायदा मानत नाही.

१ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत पट्टा न लावल्यास घंटी वाजते. आपले हुशार लोक काय करतात, तर त्या खाचेत पट्ट्याशिवाय नुसती कडी अडकवून घंटी बंद पाडतात. अशा कड्यांची विक्री एवढी वाढली, की मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना त्या विक्रीतून काढून टाकण्याचा आदेश दिला. कुत्रे भुंकते म्हणून त्याचे तोंड बांधायचे आणि चोराला वाट मोकळी करून द्यायची, असाच हा प्रकार आहे.

विहिरीचा हिशेब

वेगाचे भय आपल्याला वाटत नाही, कारण गाडीत बसलेल्याला वेग जाणवत नाही. उंचीचे भय मात्र सगळ्यांना कळते. म्हणून हा हिशेब विहिरीच्या भाषेत मांडतो.

ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी भिंतीवर आदळली, तर आतल्या सुट्या माणसाला बसणारा दणका सुमारे ५ फुटांवरून पडल्यासारखा असतो. वेग ५० असेल तर तो ३२ फूट खोल कोरड्या विहिरीत पडल्यासारखा. ताशी ८० असेल तर ती विहीर ८० फुटांहून खोल होते. वेग दुप्पट झाला की खोली चौपट होते, हे ध्यानात ठेवावे. ३२ फुटांच्या कोरड्या विहिरीत हातांनी तोल सावरू, असे कोणी म्हणणार नाही. पण गाडीत बसलेला माणूस नेमके हेच म्हणतो: "काही झालेच तर समोरची सीट घट्ट धरीन."

अपघात एक दिसला तरी आदळणे तीन वेळा होते. पहिल्यांदा गाडी आदळून थांबते. गाडी थांबली तरी आतला माणूस त्याच वेगाने पुढे जातो आणि काचेवर, सुकाणूवर किंवा पुढच्या सीटवर आदळतो, हे दुसरे. मग शरीर थांबते, पण आतले काळीज, यकृत, मेंदू आपापल्या जागी हिसका खातात, हे तिसरे. पट्टा माणसाला गाडीबरोबरच थांबवतो. शिवाय तो ओढ किंचित सैल सोडत थांबवतो आणि धक्का छाती व कमरेच्या मजबूत हाडांवर वाटून देतो. खांद्यावरून छातीवर आणि मग कमरेवर येणारा हा पट्टा व्होल्व्हो कंपनीतले स्वीडिश अभियंते नील्स बोहलिन यांनी १९५९ साली तयार केला. कंपनीने तो इतर कारखानदारांनाही मोकळेपणाने वापरू दिला. सक्तीचा कायदा सर्वांत आधी ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९७० साली केला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पट्ट्यामुळे चालक व पुढे बसणाऱ्याचा मृत्यूचा धोका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी होतो. मागे बसणाऱ्याचा मृत्यूचा व गंभीर दुखापतीचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी १६,७१५ जणांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यात चालक ८,३८४ आणि प्रवासी ८,३३१. म्हणजे जवळजवळ निम्मे मृत्यू शेजारी वा मागे बसलेल्यांचे होते. हा आकडा आम्ही मुद्दाम दिला आहे. "मी काही गाडी चालवीत नाही," असे म्हणणाऱ्यांनी तो पुन्हा वाचावा.

मागची सीट

मागची सीट सुरक्षित, पुढे पट्टा, मागे आराम, ही समजूत किती महाग पडते याची दोन उदाहरणे महाराष्ट्रातली माणसे जाणतात.

३ जून २०१४ च्या सकाळी दिल्लीत गोपीनाथ मुंडे यांच्या मोटारीला दुसऱ्या मोटारीची धडक बसली. शेतकऱ्यांच्या व ऊसतोड मजुरांच्या प्रश्नांत आयुष्य घालवलेला हा बीड जिल्ह्यातला नेता जेमतेम आठवड्यापूर्वी केंद्रात ग्रामविकास मंत्री झाला होता. ते मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता. अपघात शहरातल्या रस्त्यावर झाला, घाटात वा महामार्गावर नव्हे. मानेला आणि यकृताला झालेली इजा जीवघेणी ठरली. मागचा पट्टा लावला असता तर ते वाचले असते, असे तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी सांगितले. ते स्वतः डॉक्टर आहेत.

दुसरे उदाहरण ४ सप्टेंबर २०२२ चे. उद्योगपती सायरस मिस्त्री उदवाड्याहून मुंबईला परतत होते. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर त्यांची मोटार कठड्याला धडकली. गाडीत चौघे होते. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागचे दोघे, मिस्त्री आणि जहांगीर पंडोल, जागीच गेले. मागच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांना आढळले. गाडी महागडी होती, हवेच्या पिशव्या होत्या, दिवस उजेडाचा होता. त्यानंतर देशभर मागच्या पट्ट्याची चर्चा झाली आणि नोव्हेंबर २०२२ पासून मुंबई पोलिसांनी गाडीतल्या सर्वांना पट्टा सक्तीचा केला.

मागे सुटा बसलेला माणूस आपल्याबरोबर पुढच्यालाही नेतो, ही गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. जपानमधल्या अपघातांच्या नोंदी तपासून २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मागचा प्रवासी पट्ट्याविना असेल, तर पट्टा लावून पुढे बसलेल्याच्या मृत्यूचा धोका जवळजवळ पाचपट होतो, असे त्यात आढळले. मागचे ६०-७० किलोचे शरीर पुढच्या सीटवर येऊन आदळते, हे त्याचे कारण. तेव्हा मागे बसलेल्या आजोबांनी पट्टा लावला तर तो पुढे बसलेल्या मुलासाठीही आहे.

मांडीवरचे लेकरू

आपल्या घरांत सर्वांत लहान लेकरू पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर बसते. आईच्या कुशीपेक्षा सुरक्षित जागा कोणती, असे आपल्याला वाटते. ही भावना मोलाची आहे, पण हिशेब तिच्याविरुद्ध आहे. ताशी ५० च्या वेगात गाडी क्षणार्धात, म्हणजे एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १० किलोचे लेकरू आईच्या हातात सुमारे १४० किलोचे होते. जवळजवळ तीन पोती गहू! कोणत्याही आईचे हात तेवढे पेलू शकत नाहीत, मग तिची माया कितीही असो. लेकरू हातून सुटते आणि समोर आदळते. आईनेही पट्टा लावला नसेल तर तिच्या अंगाचा सारा भार त्याच्यावर येतो. दोघांना मिळून एकच पट्टा बांधणे त्याहून वाईट, कारण लेकरू पट्ट्याच्या आणि आईच्या मध्ये चिरडते.

यावर उपाय असे. अगदी लहान बाळासाठी मागच्या सीटवर, गाडीच्या पाठीकडे तोंड करून बसवायचे बालआसन घ्यावे. वर्षभरात लहान पडणारे हे आसन दोन-तीन नातलगांनी वा शेजाऱ्यांनी मिळून घेतले तरी चालेल. मात्र अपघातात सापडलेले जुने आसन घेऊ नये. मोठ्या मुलांना उंची साधारण साडेचार फूट होईपर्यंत बैठक उंच करणाऱ्या आसनावर बसवून मग पट्टा लावावा, नाहीतर पट्टा गळ्यावर येतो. मुलांची जागा मागे. पुढे हवेची पिशवी असेल तर मागे तोंड केलेले बाळाचे आसन पुढच्या सीटवर कधीही ठेवू नये.

दुचाकीवाल्यांनीही ऐकावे. फेब्रुवारी २०२२ मध्ये निघालेल्या आणि वर्षभराने अंमलात आलेल्या नियमानुसार ४ वर्षांखालील मुलाला दुचाकीवर नेताना त्याला चालकाशी जोडणारा सुरक्षा-पट्टा हवा, ९ महिन्यांवरील मुलाला हेल्मेट हवे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त नको. पेट्रोलच्या टाकीवर बसवलेले, वाऱ्याने पेंगुळलेले लेकरू आपण रोज पाहतो. ते दृश्य आता बंद झाले पाहिजे.

पट्टा कसा लावावा

पट्टा लावला एवढ्याने भागत नाही; तो जागेवर बसला पाहिजे.

१. कमरेचा भाग पोटावर नको. तो खाली, मांड्यांच्या वर कमरेच्या हाडांवर बसवावा.

२. वरचा भाग खांद्याच्या मधोमध आणि छातीवरून जावा. मानेला घासतो म्हणून काखेतून वा पाठीमागून घेऊ नये. काखेतला पट्टा बरगड्या मोडतो आणि आतल्या अवयवांना इजा करतो.

३. पट्ट्याला पीळ नसावा आणि तो सैल नसावा. जाड शाल वा जॅकेट आधी बाजूला करावे.

४. गरोदर भगिनींनी पट्टा अवश्य लावावा. कमरेचा भाग पोटाच्या खाली, वरचा भाग दोन्ही स्तनांच्या मधून आणि पोटाच्या बाजूने. पोटातल्या बाळाला पट्ट्याने इजा होईल या भीतीने पट्टा न लावणे हे आई आणि बाळ दोघांनाही घातक आहे.

५. उसवलेला, उंदरांनी कुरतडलेला, उन्हाने कडक झालेला पट्टा बदलून घ्यावा. मोठ्या अपघातात ताणला गेलेला पट्टा पुन्हा वापरू नये. जुनी गाडी विकत घेताना इंजिनाइतकेच बारकाईने पाचही पट्टे ओढून पाहावेत.

ट्रॅक्टर, ट्रॉली आणि पिकअप

हा भाग आपल्या कामाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ट्रॅक्टर उलटला की चालक खाली सापडतो. त्यावर उपाय म्हणून चालकाच्या मागे वा डोक्यावर मजबूत लोखंडी संरक्षक चौकट बसवतात. स्वीडनने १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरांना ती सक्तीची केली आणि तेथे ट्रॅक्टरखाली मरणारांची संख्या पुढे फार घटली. आपल्या ट्रॅक्टरला अशी चौकट असेल तर पट्टा लावलाच पाहिजे, कारण पट्टा चालकाला चौकटीच्या आत ठेवतो. पण चौकट नसेल तर पट्टा लावू नये. उलटताना बांधलेला माणूस ट्रॅक्टरखालीच राहतो. उन्हासाठी बसवलेले पत्र्याचे वा कापडाचे छत म्हणजे संरक्षक चौकट नव्हे. मोटारीचा नियम आणि ट्रॅक्टरचा नियम यांत हा फरक आहे, तो नीट समजून घ्यावा. मडगार्डवर मुलाला, पुतण्याला वा मजुराला बसवणे तर दोन्हींत बसत नाही.

आता ट्रॉली आणि पिकअप. त्यांच्या हौद्यात पट्टा लावायची सोयच नसते, कारण तो हौदा मालासाठी असतो. तरी लग्न, बारसे, जत्रा, काढणीचे मजूर, सगळे त्यातच. १ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तर प्रदेशात कानपूरजवळ घाटमपूर येथे ट्रॉली तळ्यात उलटून २६ जण गेले. त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस आपल्याच राज्यात डिंडोरी जिल्ह्यात पिकअप उलटून १४ जण गेले. ते एका घरगुती कार्यक्रमाहून परतत होते. २ ऑक्टोबर २०२५ रोजी शेजारच्या खंडवा जिल्ह्यात मूर्तिविसर्जनाला निघालेली ट्रॉली पाण्यात गेली आणि ११ जण दगावले. तिन्ही ठिकाणी मंगल कार्याची माणसे होती.

यात पैशाचाही मोठा फटका आहे. मालवाहू गाडीत नुसते प्रवासी म्हणून बसलेल्यांची भरपाई देण्यास विमा कंपनी कायद्याने बांधलेली नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला आहे. म्हणजे माणूस जातो आणि भरपाईसाठी घरच्यांना कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. गाडीमालकाची शेती विकली जाण्याची वेळ येते. बसचे भाडे वाचवायला गेलेले घर दोन्हींकडून बुडते. ज्या गाडीत माणसाला पट्टा नाही, त्या मालाच्या गाडीत माणूस बसवू नये, एवढा साधा नियम सर्वांनी पाळावा.

शंका-समाधान

शंका: गाडी पेटली किंवा पाण्यात पडली तर पट्ट्यात अडकून मरू की!
समाधान: असे अपघात फार थोडे असतात. त्यांतही बाहेर पडण्यासाठी आधी शुद्धीवर असावे लागते, आणि डोके आपटण्यापासून वाचवून शुद्धीवर ठेवतो तो पट्टाच. खटका अंगठ्याने दाबला की सुटतो. घरातल्या सर्वांनी डोळे मिटून तो सोडण्याचा सराव करावा.

शंका: आमच्या गाडीत हवेच्या पिशव्या आहेत.
समाधान: त्या पट्ट्याच्या मदतीला असतात, पट्ट्याऐवजी नसतात. पिशवी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच जोराने फुगते. सुटा माणूस तिच्यावर पुढे झेपावला तर तीच त्याला इजा करते.

शंका: गावातल्या गावात जायचे आहे.
समाधान: मुंडे यांचा अपघात भर शहरात झाला. विहिरीचा हिशेब गावातही तोच असतो.

शंका: माणसे आठ आणि पट्टे पाच.
समाधान: मग गाडीची माणसे पाच. दुसरी फेरी करावी, नाहीतर तिघांनी बसने जावे.

देवाची परीक्षा पाहू नये

आपल्यापैकी पुष्कळांच्या गाडीत संत ख्रिस्तोफरचे पदक असते, आरशाला जपमाळ असते. नवी गाडी घेतली की फादरांकडून आशीर्वाद घेतो. हे सर्व चांगले आहे, पण त्याच्या आधारावर कोणी म्हणते, "देव राखणदार असताना पट्टा कशाला?" अशांनी अरण्यातल्या मोहाचा प्रसंग आठवावा. सैतानाने प्रभू येशूला मंदिराच्या शिखरावर नेले आणि खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे सुचवले. शास्त्रवचनाचाच आधार त्याने दिला होता. प्रभूने उडी टाकली नाही. पित्यावर त्याचा विश्वास कमी होता म्हणून नव्हे. देवाची अशी परीक्षा पाहणे हेच पाप, हे त्याने दाखवून दिले. पट्टा न लावता भरधाव निघणे म्हणजे तेच शिखर.

आपली पाचवी आज्ञा खुनाला मनाई करते. कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात याच आज्ञेखाली, परिच्छेद २२९० मध्ये, दारूच्या नशेत किंवा वेगाच्या हौसेपायी रस्त्यावर स्वतःचा व दुसऱ्यांचा जीव धोक्यात घालणारा गंभीर दोषी ठरतो, अशी शिकवण आहे. १९ जून २००७ रोजी व्हॅटिकनने रस्त्यावरील प्रेषितकार्याविषयी मार्गदर्शक पुस्तिका काढली आणि तीत वाहनचालकांसाठी दहा आज्ञा दिल्या. त्यांतही पहिली आज्ञा हीच. तेव्हा वाहतुकीचा नियम आणि धर्म यांना दोन निराळ्या कप्प्यांत ठेवण्याचे कारण नाही.

इतके करूया

गाडीची किल्ली फिरवण्यापूर्वी आपण क्रुसाची खूण करतो. त्याच वेळी चालकाने मागे वळून मोठ्याने विचारावे, "सगळ्यांचे पट्टे लागले का?" आणि उत्तर आल्याशिवाय गाडी हलवू नये. घरातल्या शाळकरी मुलाला हे काम नेमून द्यावे. मुले असली कामे मोठ्यांपेक्षा चोख करतात. येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर आपल्या गाडीच्या मागच्या सीटकव्हरखालचे पट्टे बाहेर काढावेत. अर्ध्या तासाचे काम आहे. वऱ्हाडाची गाडी ठरवताना भाड्याबरोबर पट्ट्यांचीही चौकशी करावी आणि नसतील तर दुसरी गाडी पाहावी.

अपघात दिसला तर थांबावे. जखमीला मदत करणाऱ्यावर पोलीस वा दवाखाना कोणतीही बळजबरी करू शकत नाही. २०१९ च्या दुरुस्तीतील कलम १३४-अ त्याला संरक्षण देते. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हे क्रमांक लक्षात ठेवावेत. रस्ते अपघातातील जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची केंद्राची योजना मे २०२५ पासून लागू आहे. म्हणून पैशाच्या काळजीने दवाखान्यात नेण्यास उशीर करू नये. चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट रस्त्यावरच घडली होती, हे आपण जाणतोच.

या वर्षीही सुगी होईल, लग्ने होतील, नाताळला लेकी माहेरी येतील. दोर आवळून पोती मंडीला सुखरूप पोहोचवणाऱ्या आपल्या हातांनी लेकी-नातवंडांचे पट्टेही आवळावेत, आणि प्रत्येक घरातून जितकी माणसे निघाली तितकीच परत दारात उतरावीत, एवढीच आम्ही प्रभूजवळ प्रार्थना करतो.